जोरातही मारू दे, आतही पडू दे



मागच्या उन्हाळ्यात गटाची बैठक संपली, बचतीचा हिशेब झाला आणि एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी नववीत आहे. तालुक्याला मावशीकडे राहून शिकते आणि शाळेकडून टेनिस खेळते. ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरीचा चेंडू सारखा बाहेरच जाते. सर म्हणतात, हळू मार. हळू मारला का समोरची पोरगी जोरात मारून पॉइंट घेते. घरचे म्हणतात, जमत नाही तर सोडून दे. अन् रॅकेटसाठी गटातून घेतलेलं कर्ज तर अजून फिटायचं आहे."

मला टेनिसमधलं काही कळत नव्हतं. सुटीत यवतमाळला शिबिर होतं. तिथे या मायलेकींसोबत मी आठ दिवस गेले. कडेला बसून पाहिलं, शिकवणाऱ्यांना विचारलं, स्वतः रॅकेट धरून पाहिली. तेव्हा कळलं की पोरीच्या हातात ताकद भरपूर आहे. एक गोष्ट मात्र तिला कुणी शिकवलेली नव्हती. तिला टॉपस्पिन म्हणतात. आज त्याबद्दलच बोलते.

आधी मैदान डोळ्यासमोर आणा. टेनिसचं कोर्ट 78 फूट लांब असतं. मधोमध जाळी, तिची उंची मध्यभागी 3 फूट. मागच्या रेषेवर उभी राहिलेली मुलगी जाळीपासून 39 फुटांवर असते. चेंडू जाळीवरून गेला पाहिजे आणि पलीकडच्या 39 फुटांत पडलाही पाहिजे. सरळ जोरात मारला तर तो खाली यायच्या आतच रेषेबाहेर जातो. हळू मारला तर आत पडतो, पण समोरचीला आयताच मिळतो.

यावर उपाय म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणं. बैलगाडीचं चाक रस्त्यावर पुढे जाताना कसं फिरतं? वरचा भाग पुढे जातो, खालचा मागे येतो. चेंडू हवेत तसाच फिरत गेला की त्याच्या वरच्या बाजूला समोरून येणारी हवा अडते आणि तिथला दाब वाढतो. खालच्या बाजूने हवा लवकर निसटते. त्यामुळे हवाच चेंडूला खाली दाबते. जाळीच्या तीन-चार फूट वरून गेलेला चेंडूही मग वळण घेऊन रेषेच्या आत पडतो, आणि टप्पा खाऊन उंच उसळतो. स्पेनचा राफाएल नदाल 14 वेळा फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या फोरहँडचा चेंडू मिनिटाला सरासरी 3,200 च्या आसपास फेरे घ्यायचा, असं मोजलं गेलं आहे. लाल मातीवर तो चेंडू समोरच्याच्या खांद्यापर्यंत उसळायचा.

आता ही फिरकी द्यायची कशी? बहुतेक मुली मनगट झटकून चेंडूवरून रॅकेट फिरवायला जातात. तिथेच चुकतं. चेंडू तारांना टेकतो तो वेळ साधारण सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढा असतो. तेवढ्यात मनगट काय फिरवणार? फिरकी येते ती रॅकेट कोणत्या वाटेने आली त्यावरून. रॅकेट चेंडूच्या खालून यावी आणि त्याला घासत वर जावी.

पहिली गोष्ट पकड. कुऱ्हाड धरतो तशी रॅकेट धरली तर फोरहँडला तिचं तोंड वर वळतं आणि चेंडू उडतो. रॅकेट जमिनीवर आडवी ठेवून दांडीवाल्या तव्यासारखी वरून उचलली तर तोंड खाली झुकतं. नव्या मुलीला या दोन्हींच्या मधली, पण तव्याकडे झुकलेली पकड बरी पडते. मूठ आवळायची नाही. आवळलेला हात सावकाश चालतो.

दुसरी गोष्ट पाय आणि खांदे. चेंडू येताना दिसला की आधी खांदे वळवायचे आणि गुडघे वाकवायचे. भरलेली घागर उचलताना आपण कमरेवर जोर देत नाही, गुडघ्यातून उठतो. इथेही तसंच. जोर जमिनीतून पायात, पायातून कमरेत आणि शेवटी हातात येतो.

तिसरी गोष्ट वाट. रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली उतरू द्यायचं. तोंड जवळजवळ उभं ठेवून खालून वर न्यायचं. चेंडू शरीराच्या पुढे असतानाच गाठायचा, बाजूला येऊ द्यायचा नाही. मग हात न थांबवता रॅकेट दुसऱ्या खांद्यापर्यंत जाऊ द्यायची. दोन्ही हातांच्या बॅकहँडलाही हाच नियम. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीने तिथे डाव्या हाताला जास्त काम द्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात आईने काय करायचं? पुष्कळ करता येतं. चेंडूवर स्केचपेनने मधोमध पट्टा काढा. फिरकी सरळ असेल तर हवेत पट्टा एका रेघेसारखा दिसतो, वाकडी असेल तर लडबडतो. शाळेला तारेच्या जाळीचं कुंपण असेल तर रॅकेटने चेंडू त्यावर दाबून वर घासायला सांगा. चेंडू वर लोळत गेला म्हणजे वाट बरोबर. कोर्टावर जाळीच्या दोन्ही टोकांना बांबू उभे करून जमिनीपासून 6 फुटांवर दोरी बांधा आणि तिच्या वरून मारून आत पाडायला सांगा. मुलीच्या पुढे दोन पावलांवर उभं राहून हाताने चेंडू टाकायचं काम तर कोणतीही आई करू शकते. शिबिरात आमच्या ताईंनी तेच केलं. पदर खोचून रोज टोपलीभर चेंडू टाकले.

लहान मुली असतील तर हळू उसळणारे लाल, नारिंगी, हिरवे चेंडू मिळतात. 10 वर्षांखालच्या स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून असेच चेंडू ठरवून दिले आहेत. दुकानदार "स्पिनच्या तारा" म्हणून महाग, कडक पॉलिस्टरच्या तारा देईल. नव्या मुलीला त्यांची गरज नाही. कडक तारांचा हिसका कोपराला बसतो. साध्या नायलॉनच्या तारा पुरतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण पिळे घालून कपडे धुणाऱ्या आपल्या कितीतरी बायांनाही ते असतं.

टेनिस आपल्या मुलींचा खेळ नाही, असंही कुणी म्हणेल. पंडिता क्षमा राव संस्कृतात लिहायच्या आणि टेनिसही खेळायच्या. त्यांची मुलगी लीला राव हिने 1934 साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत हांगझोला ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा गेला होता, तरी ते जिंकले. ऋतुजा मूळची श्रीरामपूरची, मोठ्या महानगरातली नाही.

आमच्या पोरीचं सांगते. पहिले चार दिवस तिचा चेंडू जाळीतच अडकत होता. ती रडली. ताई मला म्हणाल्या, "पहिले बाहेर जात होता, आता जाळीत. काय फायदा झाला?" शिकवणारे म्हणाले, जुनी सवय सुटताना असंच होतं, थोडं उंचावर मारू द्या. सहाव्या दिवशी एक चेंडू दोरीवरून गेला, वळला आणि रेषेच्या हातभर आत पडला. पोरीने आईकडे पाहिलं. पुढच्या स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. पण हरताना पूर्ण हात मोकळा सोडून खेळली. रॅकेटचे हप्ते चालू आहेत आणि खेळही चालू आहे.

मैत्रिणींनो, आपण मुलींना फार लवकर सांगतो, हळू, जपून, बाहेर जाशील. यापुढे कुणी तसं म्हटलं तर एकदा विचारा, "तिला खालून वर मारायला शिकवलं का?" आणि संध्याकाळी वेळ काढून दहा चेंडू तिच्यापुढे टाका.