कानाचे दडे आणि पहिले दोन आठवडे



रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी फोन डाव्या कानाला लावतो, तर पलीकडचे काहीच ऐकू येत नाही. फोन बिघडला असे वाटून तो उजव्या कानाला लावतो. तिथे सगळे स्वच्छ. डाव्या कानात मात्र रातकिड्यांची किर्र सुरू झालेली असते. घरचे म्हणतात, 'दडे बसले असतील, जातील आपोआप.' कुणी कोमट तेल सोडते, मेडिकलवाला थेंब देतो. सोयाबीनची सोंगणी चालू असली, तर दवाखाना आणखी आठवडाभर लांबतो. आजच्या भाषणाचा विषय हा वाया जाणारा आठवडा आहे.

ऐकणे 72 तासांच्या आत, सलग तीन फ्रिक्वेन्सींवर किमान 30 डेसिबलने कमी झाले आणि बिघाड आंतरकर्णात किंवा नसेत असला, तर तो आकस्मिक नसजन्य बहिरेपणा. तो बहुधा एकाच कानाला होतो. बहुतेकांना कर्णनाद सोबत येतो, काहींना चक्करही. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत नेमके कारण सापडत नाही; विषाणू आणि आंतरकर्णाचा रक्तपुरवठा यांवर संशय राहतो. थोड्यांच्या श्रवणतंतूवर गाठ निघते, म्हणून एमआरआय टाळू नये.

जून 2024 मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःचा असाच आजार जाहीर केला. विमानातून बाहेर पडताना त्यांना अचानक काही ऐकू येईनासे झाले; विषाणूसंसर्गामुळे नसजन्य बहिरेपणा आल्याचे निदान झाले. सुरांवर आयुष्य घालवलेल्या व्यक्तीने हे उघडपणे सांगितले, म्हणून घरोघरी त्याची चर्चा झाली.

मळाचा दडा आणि नसेचा बहिरेपणा रुग्णाला सारखेच भासतात. ते वेगळे ओळखायला यंत्रांची खोली लागत नाही. सभागृहातल्या प्रत्येकाने एका कानात बोट घालून, ओठ मिटून 'हूं' करून पाहावे: आवाज बंद कानाकडे जातो. मळ असला तरी तसेच होते. नस दुखावलेली असेल, तर आवाज चांगल्या कानाकडे जातो. वेबर यांनी 1834 मध्ये मांडलेली ही तपासणी 512 हर्ट्झचा नादकाटा कपाळाच्या मधोमध टेकवून मिनिटभरात होते. पक्क्या निदानासाठी ऑडिओमेट्री हवीच, पण रुग्णाला आजच पुढे पाठवायचे का, हे नादकाटा सांगतो.

उपचारात स्टेरॉइडला पहिले स्थान आहे. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर लाभाची शक्यता अधिक. गोळ्यांनी भागले नाही, तर पडद्यातून मध्यकर्णात इंजेक्शन देता येते. काही रुग्ण औषधाविना सुधारतात, काही औषध घेऊनही नाहीत. पण कोण कुठल्या गटातला, हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. स्टेरॉइडने मधुमेह्यांची साखर चढते, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

ज्यांचे ऐकणे परतत नाही, त्यांना ट्रॅक्टरचा हॉर्न कुठून आला ते उमगत नाही, कारण दिशा ओळखायला दोन कान लागतात. रात्रीची शांतता कर्णनादाने भरून जाते. 'मनाचे खेळ आहेत' असे सांगून त्यांना परत पाठवणे हा अन्याय आहे. श्रवणयंत्र आणि समुपदेशन यांनी त्यांचे जगणे खरोखर सुसह्य होते.

बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहित्यात नादकाटा आहे. तो कपाटातून टेबलावर यावा. वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या तुकड्यांच्या हाती तो लवकर पडावा. आणि आशाताईंनी घरभेटीत दोन प्रश्न विचारावेत: एका कानाने अचानक कमी ऐकू येते का? त्या कानात आवाज सुरू झाला आहे का? उत्तर 'हो' आले, तर तेल-थेंबांची वाट न पाहता त्याच दिवशी संदर्भ चिठ्ठी द्यावी, हा ठराव अध्यक्षपदावरून या परिषदेसमोर मांडला जात आहे.