कोरफडीचे पान केव्हा कापावे?



वाशीम, रिसोड, मंगरूळपीर भागात अंगणात वा शेताच्या बांधावर कोरफड सहज आढळते. आयुर्वेदाने तिला कुमारी म्हटले. कुमारी आसव अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. परंतु बारा महिने हिरवी दिसणारी ही वनस्पती बारा महिने सारखीच गुणकारी असते, हा समज टिकणारा नाही.

एकाच पानात दोन भिन्न द्रव्ये असतात. सालीलगत पिवळा, कडू चीक. तो आटवून वाळविला की काळा बोळ होतो. त्यातील अलोइन तीव्र रेचक आहे. आतला गर पारदर्शक. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी आणि उरलेल्या अल्प अंशात असेमॅनन ही बहुशर्करा. पावसाळ्यात पान फुगते, वजन भरते, पण ते वजन मुख्यतः पाण्याचे. वैशाखात पारा चाळिशीपार जातो, पान आक्रसते आणि गरातील घन अंशाचे प्रमाण बदलते. दिवसा पर्णरंध्रे मिटून रात्री उघडणाऱ्या या वनस्पतीत आम्लही रात्री साठते. म्हणजे ऋतूच नव्हे, प्रहरही भेद करतो!

पूर्वसूरींना याचे भान होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळी पाने वर्षा व वसंतात, तर साल, कंद आणि चीक शरदात घ्यावा, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत अशा ऋतुवाटणीचा उल्लेख करून ती नाकारली आहे. सौम्य औषधी सौम्य ऋतूत, आग्नेय औषधी आग्नेय ऋतूत घ्याव्यात, असे तेथील मत. आचार्यांनी हा मतभेद झाकून ठेवला नाही, हे विशेष.

आज प्रश्न शेतकऱ्याचा आहे. व्यापारी पान किलोवर घेतो. मग पाण्याला भाव मिळतो आणि गुणाला मिळत नाही. घरातही सालीसकट रस काढून पिण्याची प्रथा बोकाळली आहे. अमेरिकेने २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाची रेचके चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. गर्भवतींनी तर हा चीक टाळावाच. पान कापल्यावर उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा, गर धुवावा, मगच वापरावा.

लागवडीचा करार करण्यापूर्वी अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानातील तज्ज्ञांना विचारावे, आणि करारात वजनासोबत तोडणीचा महिनाही लिहून घ्यावा.