आकाशातील घरे आणि आकाशातील खडे



भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाणारे कापड आणि पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणारे मानवाचे घर यांत काही नाते असेल, अशी कल्पना सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु ते आहे; आणि ते उमजण्यासाठी प्रथम आपल्या डोक्यावरील हवेचे उपकार ओळखले पाहिजेत.

रात्री आकाशात प्रकाशाची एखादी रेघ ओढली जाते, तेव्हा तारा तुटला असे आपण म्हणतो. वास्तविक तो तारा नव्हे. वाळूच्या कणाएवढा किंवा हरभऱ्याएवढा एखादा खडा प्रचंड वेगाने हवेत शिरतो आणि तापून जळून जातो, एवढेच. असे असंख्य कण दररोज पृथ्वीवर येतात आणि हवेचे हे छत्र त्यांना वरच्या वरच भस्म करते. या छत्राचे भाडे कोणी देत नाही, म्हणून त्याची आठवणही कोणास होत नाही.

मोठा पाषाण आला तर मात्र छत्र अपुरे पडते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर याची साक्ष देत आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर लवणासुराच्या वधाने पडले असे पुराणकथा सांगते. भूशास्त्र सांगते की ते आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५०,००० वर्षे मानीत. पुढे खडकातील अरगॉन वायूच्या मोजणीवरून ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांचा बनला आणि भिवंडीच्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, त्याच जातीच्या खडकात हे विवर आहे. चंद्रावरील काळ्या मैदानांचा खडकही याच कुळातील. म्हणून चंद्रावरील विवरे समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात.

आता ज्या घरावर हवेचे छत्रच नाही, त्याची अवस्था पाहा. तेथे लोणारच्या पाषाणाची गरज नाही. खडाही पुरेसा आहे. हे उल्काकण सेकंदाला सुमारे ११ ते ७२ किलोमीटर वेगाने धावतात. सरासरी २० किलोमीटर धरले, तर अशा कणास भिवंडीहून ठाणे गाठण्यास एक सेकंदही लागणार नाही. या वेगाच्या अवघ्या १ ग्रॅम खड्याच्या अंगी जो जोर असतो, तो आग्रा रस्त्यावरून ताशी २३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, मालासह १० टन वजनाच्या ट्रकच्या जोराइतका भरतो. आणि तो सारा जोर एका टिंबावर येतो!

मग भिंत जाड करावी, असे कोणीही म्हणेल. पण जाड भिंतीचे वजन वर नेणे फार खर्चाचे असते. शिवाय आघात बाहेर झाला तरी आतल्या बाजूचे कपचे उडून माणसांस इजा करू शकतात. या कोड्याचे उत्तर अमेरिकन ज्योतिर्विद फ्रेड व्हिपल यांनी १९४७ साली सुचविले. पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली सुटला. म्हणजे घर बांधण्याच्या किती आधी त्याच्या रक्षणाचा विचार झाला होता! व्हिपल यांचे म्हणणे असे, की मुख्य भिंतीपुढे थोडे अंतर सोडून एक पातळ पत्रा उभा करावा. खडा पत्र्यावर आदळताच स्वतःच फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते. आणि मधल्या मोकळ्या जागेत तो ढग पसरतो. भिंतीवर येतो तो भाला नव्हे, मूठभर भुकटी. रक्षण जाडीत नाही, अंतरात आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर या तत्त्वाची शंभराहून अधिक प्रकारची कवचे आहेत. त्यांपैकी महत्त्वाच्या कवचांत पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये कापड घातलेले असते. ते सुताचे नव्हे. नेक्स्टेल नावाच्या चिनी मातीसारख्या तंतूंचे आणि केव्हलर या अतिशय चिवट धाग्याचे. परंतु ते विणलेलेच असते. ताणा आणि बाणा एकमेकांस धरून ठेवतात आणि एका धाग्यावरचा भार अनेकांवर वाटला जातो, हे भिवंडीच्या कोणत्याही विणकरास सांगावे लागणार नाही.

तथापि कवच सर्वत्र घालता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकास जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ या यानाच्या शीतक नळीस १ मिलिमीटरहूनही लहान भोक पडले आणि सारे शीतक अवकाशात उडून गेले. उल्काकणाचा आघात, असा निष्कर्ष रशियन अंतराळ संस्थेने काढला. ज्या यानातून सर्जी प्रोकोप्येव्ह, दिमित्री पेतेलिन आणि फ्रँक रुबियो परतावयाचे, तेच निकामी झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे यान रिकामे वर पाठवावे लागले. आणि सुमारे सहा महिन्यांसाठी गेलेले ते तिघे ३७१ दिवसांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये घरी आले. त्यांस वाचविले ते केवळ कवचाने नव्हे. दुसरे यान तयार ठेवणाऱ्या दूरदृष्टीने.

चंद्रावर वस्ती करावयाची तर प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तेथे हवा जवळजवळ नाहीच. १७ मार्च २०१३ रोजी चंद्रावर एक लखलखाट पृथ्वीवरून टिपला गेला; त्या जागी पुढे सुमारे १८ मीटर व्यासाचे नवे विवर आढळले. त्यामुळे तेथील घरे चंद्राच्याच मातीखाली, किंवा प्राचीन लाव्हाच्या भुयारांत असावीत, असा विचार चालू आहे. पूर्वीची माणसे डोंगरातील लेण्यांत राहिली; उद्याची माणसेही तेच करतील, असे दिसते.

हा विषय आता परक्यांचा उरलेला नाही. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाय ठेवणारे पहिले भारतीय झाले, आणि भारताचे स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचा संकल्प आहे. त्या घरात आपल्यापैकी कोणाची तरी मुले राहतील. खडे येतच राहणार. त्यांस कोणी थांबवू शकत नाही. म्हणून घर बांधतानाच तीन गोष्टी बांधाव्या लागतात: बाहेर फुटणारा पत्रा, मध्ये सोडलेले अंतर आणि दाराशी उभे असलेले दुसरे यान. पहिल्या दोन गोष्टी शास्त्र देते. तिसरी मात्र माणसाच्या सावधपणातून येते, आणि ती काहीही घडण्यापूर्वीच तयार असावी लागते.