पुठ्ठ्यावरचा माग

विट्यातल्या मुलांच्या कानांवर यंत्रमागांचा खडखडाट जन्मापासून असतो. पण कापड विणतात कसं, असं विचारलं की पुष्कळजण गप्प होतात. चालत्या मागाजवळ लहानांना नेणं धोक्याचं. म्हणून माग घरीच करावा.

वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या. वरखालच्या कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर मोठ्यांनीच खाचा कापाव्यात. त्यांतून उभा दोरा ताणून बांधा. हा ताणा. जुन्या साडीच्या पट्ट्या एका दोऱ्यावरून, दुसऱ्याखालून मुलाला ओवू द्या. हा बाणा. पुढची ओळ उलटी, नाहीतर वीण बसत नाही. चुकलं तर मुलालाच उसवू द्या. आपण हात घालू नये.

बाहुलीपुरती सतरंजी झाली, की दिवसभर मागावर उभं राहणारे आईबाबा नेमकं काय करतात, हे मूल आपणहून विचारू लागतं.