मोजणी पगाराची, मोजणी रोजगाराची



दिवाळीच्या आगेमागे राज्य सरकारच्या कुठल्याही कार्यालयात गेलात तर आस्थापना शाखेत लगबग दिसते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'सर्वंकष माहितीकोषा'त माहिती भरायची असते. 1 जुलैला कामावर कोण होते, पद कोणते, वेतनस्तर कोणता, रुजू कधी झाले, रिक्त पदे किती, असे सगळे. ती भरल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नोव्हेंबरचे वेतन देयक कोषागारातून पुढे सरकत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या तहसील कार्यालयांनाही यातून सुटका नाही. पगार अडतो म्हटल्यावर मोजणी बरोबर वेळेवर होते.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचे मूळ वेतन 15,000 रुपयांपासून, तलाठ्याचे 25,500 पासून सुरू होते. वर महागाई भत्ता, घरभाडे. हे आकडे कोणालाही मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. माझे म्हणणे पुढे आहे. याच दोन तालुक्यांत भात लावणारा, झोडणी आटोपली की वीटभट्टीवर जाणारा माणूस वर्षातून किती दिवस कामावर असतो, हे तालुक्याच्या कोणत्या कागदावर आहे?

रोजगाराचे देशपातळीवरचे सर्वेक्षण आहे, नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. 2017 साली सुरू झाले, 2025 पासून त्याचे आकडे दरमहा येतात. पण ते नमुना सर्वेक्षण आहे, तालुक्याचा आकडा त्यातून निघत नाही. शिवाय त्यातल्या साप्ताहिक मोजणीचा निकष ऐका. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केले असेल तर तो माणूस रोजगारात धरला जातो. हा निकष आंतरराष्ट्रीय आहे, त्यामागे कारणेही आहेत. पण शेजारणीच्या शेतावर तासभर आवण उपटून आलेली बाई आणि महिनाअखेर पगार घेणारा लिपिक एकाच रकान्यात बसतात, आणि बेरोजगारीचा आकडा लहान दिसतो.

गावनिहाय आकडे फक्त जनगणनेत मिळतात. सहा महिने किंवा जास्त काम केले तर 'मुख्य', त्याहून कमी तर 'सीमांतिक', अशी तिची विभागणी. मागची जनगणना 2011 ची. तिची लोकमोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारी या काळात. शहापूर-मुरबाडकडे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही तारीख लगेच खटकेल. फेब्रुवारीत कातकरी वाडीवर कोण असते? दाराला कुडाचा आडोसा लावलेला, आत चूल थंड, अंगणात एखादी म्हातारी आणि तिच्याजवळ ठेवलेले नातवंड. बाकीचे घर भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर. पावसाळ्यातच बयाणा घेतलेला असतो, तो फेडायचा असतो. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब होतो तो थेट भट्टी बंद होताना. मजुरी हजार विटांवर, जोडप्याला मिळून. बाई चिखल कालवते, विटा वाहते, पण मालकाच्या वहीत नाव नवऱ्याचे. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो तो घरच्या गावात धरला जात नाही. त्यामुळे या माणसांचे काम, मोजले गेले असेल तर, दुसऱ्या तालुक्याच्या खात्यात गेले. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. लोकमोजणी पुन्हा फेब्रुवारीतच.

इथे पगारदारांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची वजावट असते. बहुतेकांची दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500. हा कर महाराष्ट्राने 1975 साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी ही योजना मांडली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारातून डोंगरातल्या मजुराला काम, हे या राज्याने विचारपूर्वक ठरवले होते, आणि मला त्याचा अभिमान आहे. मग पन्नास वर्षे ज्याच्या नावाने कर कापला गेला त्याच्या वाडीत आज किती हात रिकामे आहेत, हे आपल्याला ठाऊक असायला नको?

रिकाम्या हातांबरोबर रिकाम्या पदांचाही प्रश्न आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे तिथली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका अशी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली गेली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, भरती रखडली, 2024 मध्ये उमेदवारांना आंदोलन करावे लागले आणि सरकारने तात्पुरत्या मानधनावर नेमणुकांचा मार्ग काढला. ठाकरवाडीतला शिकलेला मुलगा गावातच पगारावर लागला तर तो पगार कसारा लोकलने रोज संध्याकाळी कल्याणला जात नाही. गावच्या दुकानात, गावच्या घराच्या कौलांत तो खर्च होतो. म्हणून ही रिकामी पदेही रोजगाराच्या हिशेबात धरायला हवीत.

करता येण्यासारखे काय आहे? ग्रामसभा 15 ऑगस्टला होते आणि 26 जानेवारीलाही होते. ऑगस्टात लावणी नुकतीच उरकलेली असते, माणसे घरी असतात. जानेवारीत वाड्या ओस असतात. या दोन दिवसांच्या आधी प्रत्येक वाडीची घरटी मोजणी करावी. कोण घरी, कोण बाहेर, कुठल्या कामावर, बाईचे नाव वेगळे, मुलांचे वेगळे. अंगणवाडी सेविकेकडे कुटुंबांची नोंदवही आहेच, ग्रामरोजगार सेवकाकडे जॉबकार्डांची यादी आहे. त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्यावेत, फुकट राबवू नये. दोन्ही याद्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि पंचायत समितीने तालुक्याची बेरीज फळ्यावर लावावी. पुढच्या हंगामात रोजगार हमीची कामे कोणत्या वाडीत आणि कोणत्या महिन्यात काढायची, हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून ठरवता येईल. काम भाताची झोडणी संपताच निघाले पाहिजे. मजूर भट्टीवर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक वाडीत येऊन गेल्यावर मंजुरी आली तर तिचा उपयोग नाही.