विसरलेल्या सक्तीचा तंटा



कोणत्याही खेळाचे नियम हातीं घेऊन पाहिले तर त्यांत दोन जाती आढळतात. कांहीं नियम मनाई करणारे असतात, कांहीं हुकूम करणारे. बुद्धिबळांत घोडा सरळ चालवूं नये, ही मनाई. समोरच्यानें बदामाचें पान उतरलें आणि आपल्या हातीं बदाम असला तर बदामच टाकावा, हा हुकूम. मनाई मोडली तर ती ताबडतोब डोळ्यांना दिसते, कारण पटावर कांहीं तरी भलतें घडतें. हुकूम मोडला तर पटावर कांहींच घडत नाहीं. आणि जें घडलेंच नाहीं तें दिसणार कसें? शाळेंत उत्तरपत्रिका तपासतांना हा फरक मला रोज भेटत असे. चुकीचें उत्तर लगेच नजरेंत भरे. सोडून दिलेला प्रश्न मात्र गुणांची बेरीज करावयास बसलों म्हणजे ध्यानीं येई. आजचें माझें भाषण या दुसऱ्या जातीच्या नियमांविषयीं आहे. खेळणाऱ्यानें जें केलेंच पाहिजे तें करावयाचें राहून गेलें, तर दोष कोणाचा, भरपाई कोणती, आणि आठवण देण्याचें ओझें कोणाच्या माथीं?

प्रश्न जुनाच आहे. पण गेल्या तीस वर्षांत तो नव्या पत्त्यांच्या रूपानें आपल्या मुलांच्या हातीं आला आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या पंडितानें रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नांवाचा खेळ बाजारांत आला. पाकिटें विकत घ्यावयाचीं, निघतील तीं पानें जमवावयाचीं, आपसांत बदलावयाचीं, आणि त्यांतून आपला कॅट आपणच बांधून खेळावयाचें, अशी त्याची रीत. १९९६ सालीं जपानांत ‘पोकेमॉन’चीं पानें निघालीं, १९९९ सालीं ‘यु-गी-ओ’चीं. आपल्या बावन्न पानांतलें पान मुकें असतें. बदामाच्या राणीवर कांहीं लिहिलेलें नसतें, तिनें काय करावें तें खेळ ठरवितो. या नव्या खेळांतलें पान मात्र आपला कायदा आपल्याच अंगावर लिहून येतें. अमुक घडलें कीं तमुक होईल. पाळीच्या आरंभीं असें करा. पाळी संपतांच तसें करा. मजकुरांत ‘हवें तर करा’ अशा अर्थाचे शब्द असतील तर खेळणाऱ्याची मर्जी. ते नसतील तर सक्ती. पटावर अशीं आठदहा पानें मांडलीं म्हणजे आठदहा सक्त्या एकाच वेळीं ध्यानांत ठेवणें आलें. मोठीं माणसें त्यांत चुकतात, मग मुलांची कथा काय?

आमचें दिघा ठाणें-बेलापूर रस्त्याला लागून आहे. एका अंगास कारखाने, दुसऱ्या अंगास डोंगराच्या पायथ्याशीं पाडे. जानेवारी २०२४ मध्यें येथें रेल्वेचें दिघा गांव स्थानक सुरू झालें, आणि ठाण्याच्या दुकानांतून पाकिटें आणणें मुलांना आणखी सोपें झालें. आमच्या इमारतीच्या जिन्यांत दुपारीं पोकेमॉनचे डाव मांडलेले असतात. गेल्या सुटींत अशाच एका डावाचें भांडण माझ्या दारीं आलें. मी गुरुजी, तेव्हां निवाडा माझ्याकडे, असा मुलांचा समज.

तंटा काय होता तें नीट सांगतों. थोरला तेरा वर्षांचा, धाकटा अकरा. थोरल्यानें आपल्या पाळींत धाकट्याच्या पोकेमॉनला विषबाधा केली. या खेळांत प्रत्येक पाळी संपली कीं मध्यें एक तपासणी असते, आणि तींत विषबाधा झालेल्या पोकेमॉनवर १० नुकसानीची एक खूण ठेवावीच लागते. मर्जीचा प्रश्न नाहीं. धाकट्याच्या पोकेमॉनची शिल्लक शक्ति होती ३०. म्हणजे तिसऱ्या तपासणीला तो गारद व्हावयाचा. पण तिन्ही तपासण्या कोरड्या गेल्या. खूण कोणींच ठेविली नाहीं. पुढच्याच पाळीला त्या मेलेल्या पोकेमॉननें थोरल्याचा चांगला मोहरा लोळविला आणि धाकट्यानें बक्षिसाचें पान उचललें. तेव्हां कोठें थोरल्याला विष आठवलें.

थोरला म्हणाला, “ह्याला ठाऊक होतें, मुद्दाम गप्प बसला. चीटिंग आहे ही.” धाकटा म्हणाला, “विष तूं घातलेंस, आठवण तूंच ठेवायला हवी होतीस.” मला सांगावयास हवें कीं दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच भांडण मिटेना. थोरल्याचें म्हणणें, डाव तीन पाळ्या मागें न्या. पण मधल्या पाळ्यांत दोघांनीं नवीं पानें ओढलीं होतीं, दोनदां नाणें उडविलें होतें. पाहिलेलें पान न पाहिलेलें कसें करावें? पडलेला छाप पुन्हा हवेंत कसा न्यावा? ‘चीटिंग’ हा शब्द मात्र जिन्यावरून दोन्ही घरांत पोंचला होता. धाकट्याच्या आईला तो लागला. माझ्या मुलाला खोटारडा म्हणालात, म्हणून आठ दिवस समोरासमोरचीं दोन दारें एकमेकांस बंद राहिलीं. तीस गुणांच्या विषाचा परिणाम एवढा दूरवर गेला.

पोकेमॉनच्या अधिकृत सामन्यांत याचें उत्तर असें दिलेलें आहे कीं पटावरील स्थिति बरोबर राखणें ही दोन्ही खेळाडूंची जबाबदारी. म्हणजे धाकट्याची ‘विष तुझें, आठवण तुझी’ ही सबब तेथें चालत नाहीं, आणि थोरल्यालाही सगळा दोष दुसऱ्यावर ढकलतां येत नाहीं. उत्तर साधें आहे, मुलांना समजण्यासारखें आहे.

मॅजिकचा इतिहास याहून मनोरंजक आहे. तेथेंही पूर्वीं सक्तीच्या परिणामाची आठवण विरुद्ध बाजूसही द्यावी लागे. ऐकावयास हें सात्त्विक वाटतें. व्यवहारांत काय झालें पाहा. प्रतिस्पर्ध्याचा फायदा त्यालाच आठवत नाहीं, तरी तो मीं त्याला आठवून द्यावा आणि आपला पराभव जवळ आणावा! जो गप्प राहील त्याच्यावर संशय. तो खरोखर विसरला कीं जाणून गप्प बसला, हें पंचानें त्याच्या मनांत शिरून पाहावयाचें. अखेर २०१२ सालीं नियम बदलला. आपल्या पानाची आठवण आपण ठेवावी. दुसऱ्याच्या पानाची आठवण देण्याचें बंधन नाहीं. परंतु यांतून एक चोरवाट निघाली असती, ती त्याच नियमानें बंद केली आहे. आपल्याला जाचक असलेली सक्ती जो जाणूनबुजून विसरतो, तो फसवणूक करतो, आणि त्याची शिक्षा सामन्यांतून हकालपट्टी.

ही चोरवाट किती मोहक असते तें एका पानावरून कळेल. ‘डार्क कॉन्फिडंट’ नांवाचें एक पान आहे. तें ज्याच्या पटावर असेल त्यानें प्रत्येक पाळीच्या आरंभीं आपल्या कॅटाचें वरचें पान उघडून हातीं घ्यावें, आणि त्या पानाचें जेवढें मोल तेवढें आपलें आयुष्य कमी करावें. खेळाच्या आरंभीं आयुष्य २० असतें. पंधरा-सोळा शिल्लक असतांना कोणीही हें विसरत नाहीं. एक पान फुकट मिळत असतें ना! आयुष्य दोनवर आलें म्हणजे मात्र स्मरणशक्ति एकाएकीं क्षीण होते. माझ्या मतें विस्मरण आणि लबाडी ओळखण्याची हीच खरी कसोटी आहे. विसरणें दोन्ही बाजूंनीं होत असेल तर तें विसरणें. एकाच बाजूला, लाभाच्या बाजूलाच होत असेल, तर त्याला दुसरें नांव आहे.

आणखी एक पान सांगण्याचा मोह आवरत नाहीं. २००७ सालच्या ‘पॅक्ट ऑफ निगेशन’ या पानाला आज कांहीं मोल पडत नाहीं. पण पुढच्या पाळीच्या आरंभीं पांच भरावे लागतात, आणि न भरल्यास डाव तेथेंच हरला. शुद्ध सावकारी! विसरलों, ही सबब येथें उपयोगी नाहीं, कारण न भरल्याचा परिणाम पानावरच छापलेला आहे. जाणते खेळाडू हें पान खेळतांच आपल्या कॅटावर एक फांसा ठेवून देतात, म्हणजे पुढचें पान ओढावयास हात गेला कीं आधीं देणें आठवतें. आमची आजी पदराला गांठ मारी, त्यांतलाच प्रकार.

आतां आपल्या घरच्या पत्त्यांकडे येऊं. मेंढीकोट न खेळलेला मराठी माणूस विरळा; गणपतीच्या जागरणांत तर रात्रभर डाव चालतात. त्यांतला मोठा गुन्हा एकच : पान असून हुकूम मारणें. तो उघडकीस आला म्हणजे कोणाकडे डाव मोडतात, कोणाकडे मेंढी परत घेतात, आणि बहुतेक ठिकाणीं वडील माणसाचा आवाज मोठा असेल तर कांहींच करीत नाहींत. ब्रिजच्या नियमकर्त्यांनीं मात्र या एका गुन्ह्यावर किती विचार केला आहे! चूक करणाऱ्यानें किंवा त्याच्या भिडूनें पुढच्या हाताचें पान टाकलें नाहीं तोंवर चूक सुधारतां येते, आणि ध्यानांत आल्यास सुधारलीच पाहिजे. एकदां पुढचें पान पडलें कीं गुन्हा पक्का. मग त्या चुकीच्या पानानेंच हात उचलला असेल तर तो हात आणि पुढें केलेल्यांपैकीं आणखी एक, एरवीं त्या बाजूनें तेथपासून कांहीं हात केले असल्यास त्यांतला एक, समोरच्यांस द्यावा लागतो. एवढ्यानेंही नुकसान भरून निघत नसेल तर पंच अधिक देतो. येथें शिक्षेचा हेतु सूड नाहीं. समोरच्याचें जें गेलें तें परत करावें, हा आहे.

याच नियमांत एक वाक्य असें आहे कीं त्यावर मीं पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या बाजूकडून झालेली चूक आपण होऊन उघड करण्याचें बंधन खेळाडूवर नाहीं; पण ती लपविण्याचा प्रयत्न मात्र करूं नये. पानें घाईनें मिसळून टाकणें, पहिली चूक झांकण्यासाठीं दुसऱ्यांदा तीच करणें, हें निषिद्ध. म्हणजे गप्प राहणें क्षम्य, झांकणें अक्षम्य. कायद्याचें हें गणित मला पटतें. घरांतल्या मुलांना शिकवावयाचें म्हटलें म्हणजे तेंच मला अवघड वाटतें.

क्रिकेट पाहणाऱ्यांना ही रेघ ओळखीची असेल. क्रिकेटच्या ३१व्या नियमाप्रमाणें क्षेत्ररक्षकांनीं दाद मागितल्यावांचून पंच फलंदाजाला बाद देत नाहीं, मग तो नियमानें बाद असला तरीही. आणि ती दाद गोलंदाज पुढच्या चेंडूसाठीं धांवूं लागण्यापूर्वीं मागावी लागते. ब्रिजमधल्या पुढच्या पानासारखीच ही मुदत! मात्र फलंदाज आपण होऊन तंबूकडे निघाला तर नियम त्याला अडवीत नाहीं. मागणाऱ्याच्या बाजूसही अशी मोकळीक असते. फेब्रुवारी १९८० मध्यें मुंबईच्या वानखेडे मैदानावर सुवर्णमहोत्सवी कसोटींत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचानें झेलबाद दिलें. चेंडू बॅटला लागला नाहीं अशी भारताचा कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ याची खात्री होती. त्यानें टेलरला परत बोलाविलें. टेलर आणि बोथम यांनीं सहाव्या जोडीसाठीं १७१ धांवा केल्या आणि इंग्लंडनें सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथनें तोंड उघडलें नसतें तर कोणताही नियम मोडला नसता. त्याची किंमत त्याच्या संघानें मोजली, हेंही लपवावयाचें कारण नाहीं.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून सोंगट्यांच्या ड्राफ्ट्स या खेळाचा नुसता उल्लेख करतों. त्यांत मारतां येण्याजोगी सोंगटी मारलीच पाहिजे. पूर्वीं जो मारावयास चुके त्याची ती सोंगटी समोरचा उचलून घेई, आणि वर आपली चाल करी. विसरण्यालाच थेट दंड! सामन्यांतून ही चाल गेली. आतां चूक दुरुस्त करून सोंगटी मारावयास लावतात. मला हा बदल योग्य वाटतो. दंडाच्या भीतीनें स्मरणशक्ति वाढते, असा अनुभव मला तरी शाळेंत आला नाहीं.

जिन्यांतल्या तंट्याचा निकाल मीं असा दिला. डाव मागें नेण्याची सोय नाहीं, तेव्हां उचललेलें बक्षिसाचें पान धाकट्याकडेच राहील. विषाच्या तीन खुणा राहिल्या आहेत, त्या आतां ठेवाव्या. म्हणजे त्याचा पोकेमॉन या क्षणीं गारद, आणि थोरल्यानेंही आपलें बक्षीस उचलावें. थोरल्यानें ‘चीटिंग’ हा शब्द परत घ्यावा, कारण तीनही वेळां तो स्वतः तेथेंच बसला होता आणि त्यालाही आठवलें नव्हतें. ‘विष तुझें, आठवण तुझी’ हें धाकट्यानें मोठ्या सामन्यांतही म्हणूं नये, घरांत तर नाहींच. थोरल्याला निकाल पसंत पडला नाहीं. त्याचा लोळलेला मोहरा कांहीं परत आला नाहीं, आणि तो म्हणतो त्यांत खोटें कांहीं नाहीं. शब्द मात्र त्यानें परत घेतला, आणि तोही धाकट्याच्या आईसमोर.

विषबाधा झालेल्या पानावर एक खूण ठेवावी, असें खेळाच्या पुस्तकांतच सांगितलेलें आहे. ती खूण यांच्या पेटींतून केव्हांच हरवली होती. हल्लीं तेथें चिंचोका ठेवतात, आणि तो ज्यानें विष घातलें त्यानेंच ठेवावयाचा, असें दोघांनीं आपसांत ठरविलें आहे.