पगार आणि वाणी
(कळंबा येथील सभेत केलेले भाषण)



सभा सुरू होण्यापूर्वी दोघा कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, छायाचित्रात आम्ही येणार नाही एवढे पाहा." दोघेही नोकरदार. कळंब्याचे नाव बाहेरगावी ठाऊक असते ते कारागृहामुळे. पण तोंडाला कुलूप घालण्यास महिन्याचा पगारही पुरतो.

लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली, ती सरकारी नोकरीत असताना, टोपणनावाने. त्यांचा धनी एकाच वेळी सरकारही होता आणि व्यापारी कंपनीही!

१९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी नोकरी पत्करल्याने नागरिकाचे मूलभूत हक्क लोप पावत नाहीत. निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द झाली. संपाचा हक्क मात्र मूलभूत ठरला नाही. तरीही महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत शासनावर टीका करण्यास मनाई राहिली, आणि जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने ती समाजमाध्यमांपर्यंत नेली. तीत कंत्राटी आणि बाह्यस्रोतांतून घेतलेले कर्मचारीही आले. ज्यांना कायमपणा नाही, निवृत्तिवेतन नाही, उद्याची शाश्वती नाही, त्यांना शिस्त मात्र कायम नोकराची! ज्या मौनाची किंमत शासन मोजत नाही, ते मौन त्याला हवे आहे.

मर्यादाच नको, असे मी म्हणत नाही. निवडणुकीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने पक्षप्रचार करू नये. रुग्णाची माहिती कोणी चव्हाट्यावर मांडू नये. पण रेशनचे धान्य दुकानापर्यंत का पोहोचत नाही, हे पुरवठा खात्यातील कारकुनाइतके कोणाला कळते? तो गप्प बसला तर उपाशी राहतो तो कार्डधारक.

खासगी कंपनीत तर स्थिती अधिक बिकट. घटनेचे एकोणिसावे कलम प्रामुख्याने राज्यसंस्थेला बांधते; मालकाविरुद्ध त्याचा आधार मिळणे कठीण. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला खरा, पण तो सार्वजनिक सेवकांविषयीच्या तक्रारींपुरता. आणि तोही अंमलात आणण्यास दिल्लीला वर्षानुवर्षे सवड मिळाली नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी: धोरणावरील टीका हा शिस्तभंग मानू नये, आणि कंपन्यांच्या कामगारांनाही हेच संरक्षण कायद्याने द्यावे. या निवेदनावर पहिल्या सह्या आम्ही निवृत्तांनी कराव्यात. नोकरीत असलेल्यांकडे सहीचा आग्रह कोणी धरू नये.